डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि अहिंसेची तालीम

मुलांनो, जानेवारीचा तिसरा सोमवार तुम्हाला चांगला ठाऊक आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. आदल्या आठवड्यात वर्गात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एखादा धडा होतो, चित्र रंगवायला मिळते. घरी आल्यावर विचारले की तुम्ही तीन गोष्टी सांगता : बसमधल्या रोझा पार्क्स, वॉशिंग्टनचे स्वप्नाचे भाषण आणि मेम्फिसची गोळी. तिन्ही खऱ्या आहेत. पण पहिल्या गोष्टीपासून शेवटच्या गोष्टीपर्यंत बारा वर्षे आणि चार महिने गेले, आणि त्या काळात काय काय करावे लागले ते फारसे कोणी सांगत नाही.

आम्ही पेशाने सॉफ्टवेअरवाले. एखादे मोठे काम झालेले दिसले की ते चालले कसे, कोणी कोणता भाग उचलला, कुठे अडले आणि मग काय दुरुस्त केले, हे विचारायची आम्हाला सवय. म्हणून या अंकात डॉ. किंग यांचे चरित्र त्या बाजूने सांगतो. त्यातला एक धागा आपल्या नागपुरातून जातो. तोही ओघाने येईल.

अटलांटाचा मुलगा

मार्टिनचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात झाला. जन्माच्या वेळी नाव मायकेल होते. पुढे वडिलांनी स्वतःचे आणि मुलाचे अशी दोन्ही नावे बदलून मार्टिन ल्यूथर केली. जर्मनीत सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या धर्मसुधारकाचे हे नाव. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या आधी आईचे वडील त्याच चर्चचे पाद्री होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. थोरली बहीण, धाकटा भाऊ, घरात आजी आणि भरपूर पुस्तके.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, हे तुमच्या आईवडिलांनाही कदाचित आठवत असेल. पण पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडच्या राज्यांनी नवे कायदे करून कृष्णवर्णीयांना पुन्हा वेगळे पाडले. शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, दवाखान्याची दारे वेगळी, बसमधल्या जागा वेगळ्या. मतदानाचा हक्क कागदावर होता, पण नाव नोंदवायला गेले की अवघड परीक्षा घेऊन, कर लावून किंवा धाक दाखवून परत पाठवायचे.

मार्टिनचा एक गोरा मित्र होता. दोघे रोज एकत्र खेळत. शाळेत जायचे वय झाले तेव्हा दोघे वेगवेगळ्या शाळांत गेले, आणि त्या मित्राच्या वडिलांनी खेळणेच बंद केले. मार्टिन तेव्हा सहा वर्षांचा होता. आईने त्याला जवळ बसवून गुलामगिरीपासूनचा सगळा इतिहास सांगितला, आणि तू कोणापेक्षाही कमी नाहीस हेही सांगितले.

पंधराव्या वर्षी तो आपल्या शिक्षिकेबरोबर वक्तृत्व स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी गेला होता. विषय होता अमेरिकेची राज्यघटना. परतीच्या बसमध्ये गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरने या दोघांना शिव्या देत उठायला सांगितले. मार्टिन उठायला तयार नव्हता. शिक्षिकेने समजावल्यावर उठला, आणि सुमारे ९० मैल दोघे उभ्याने अटलांटाला आले. आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, असे त्यांनी मोठेपणी सांगितले. हे लक्षात ठेवा. डॉ. किंग जन्मतःच शांत होते असे नाही. राग त्यांनाही येत होता.

पुस्तकातली अहिंसा

पंधराव्याच वर्षी मार्टिन अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात दाखल झाला. तिथे थोरो या अमेरिकन लेखकाचा, अन्यायी कायदा न पाळण्याविषयीचा निबंध त्याने वाचला. गांधीजींनीही हा निबंध वाचला होता. पुढे पेनसिल्व्हेनियात धर्मशास्त्र शिकत असताना फिलाडेल्फियाला एक व्याख्यान झाले. वक्ते होते हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन. ते नुकतेच भारतातून आले होते आणि गांधीजींवर बोलत होते. व्याख्यान संपल्यावर मार्टिनने गांधीजींवरची अर्धा डझन पुस्तके विकत घेतली.

पुढे बॉस्टन विद्यापीठात ते डॉक्टरेटसाठी गेले. तिथेच कोरेटा स्कॉट यांची ओळख झाली. त्या संगीताचे शिक्षण घेत होत्या. १९५३ साली लग्न झाले. दुसऱ्या वर्षी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चचे पाद्री म्हणून ते रुजू झाले. तोपर्यंत अहिंसा ही त्यांनी वाचलेली आणि पटलेली गोष्ट होती. करून पाहिलेली नव्हती.

३८१ दिवस

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल अटक झाली. त्या थकल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असे बऱ्याच गोष्टींच्या पुस्तकांत असते. खरे म्हणजे त्या अनेक वर्षे हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सचिव होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातल्या हायलँडर शाळेत समतेच्या कामाचे शिबिर करून आल्या होत्या. त्यांच्याही आधी, मार्चमध्ये, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला याच कारणावरून अटक झाली होती.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजच्या प्राध्यापिका जागल्या. त्यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली. आपला हा अंक जसा फोटोकॉपी करून निघतो, तशीच ती साधी पत्रके होती. सोमवारी कोणीही बसने जाऊ नये, एवढाच मजकूर. सोमवारी बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी एक नवी संघटना स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून डॉ. किंग यांना निवडले. वय २६. गावात नवीन, म्हणून कोणाशी वैर नाही, हेही निवडीचे एक कारण होते.

बहिष्कार म्हणजे सगळ्यांनी ठरवून, मिळून एखादी गोष्ट न वापरणे. बोलायला सोपे आहे. पण बसच्या प्रवाशांपैकी पाऊण हिस्सा कृष्णवर्णीय होता, आणि त्यातल्या बहुतेकांकडे गाडी नव्हती. घरकाम करणाऱ्या बायका कामावर जाणार कशा? मग सुमारे ३०० गाड्यांची व्यवस्था उभी राहिली. कोणती गाडी कुठून कधी सुटेल, थांबे कोणते, पेट्रोलचे पैसे कोण देणार, सगळे ठरले. विमा कंपन्यांनी गाड्यांचा विमा रद्द केला, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा आणला. पुष्कळजण चालतच गेले. ऊन, पाऊस, थंडी, सगळे धरून ३८१ दिवस.

दुसरीकडे कोर्टात खटला चालू होता. चार स्त्रियांनी तो लढवला आणि त्यांत ती क्लॉडेटही होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला. म्हणजे निकाल कोर्टाने दिला, हे खरे. पण निकाल येईपर्यंत गावाला एकत्र कोणी धरून ठेवले? पायी चालणाऱ्यांनी.

आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट यानंतरची. निकाल लागला, आता बसमध्ये कुठेही बसता येणार होते. पण कोणी डिवचले, ढकलले तर? म्हणून डॉ. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चमध्ये खुर्च्या बसच्या रांगांसारख्या मांडल्या. कोणी ड्रायव्हर झाले, कोणी शांत प्रवासी, कोणी भांडखोर गोरा प्रवासी. मग नाटकासारखी तालीम करायची. शिवी आली तर काय करायचे, धक्का बसला तर काय करायचे. तालीम संपली की सगळ्यांनी बसून चर्चा करायची. २१ डिसेंबर १९५६ रोजी सकाळी डॉ. किंग पहिल्या बसमध्ये चढले आणि पुढच्या भागात बसले.

घरातल्या बंदुका

आता एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा नसते ती सांगतो. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री डॉ. किंग यांच्या घराच्या पुढच्या बाजूला बाँब फुटला. घरात कोरेटा आणि अडीच महिन्यांची योलांडा होती. दोघी वाचल्या. बातमी कळताच शेकडो लोक जमले आणि त्यांतल्या काहींच्या हातात शस्त्रे होती. डॉ. किंग यांनी पुढे होऊन सर्वांना शांतपणे घरी जायला सांगितले, आणि लोक गेले. त्या रात्री एक शब्द चुकीचा गेला असता तर रक्त सांडले असते.

पण त्यानंतर त्यांनी स्वतःजवळ पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. तो मिळाला नाही. घरात बंदुका होत्या, दाराशी सशस्त्र पहारेकरी होते. बायको आणि तान्हे मूल घरात असलेल्या माणसाला भीती वाटणारच. त्याच सुमारास बेयर्ड रस्टिन मदतीला आले. रस्टिन यांनी अनेक वर्षे अहिंसक चळवळीत काढली होती, तुरुंग भोगला होता, भारतातही जाऊन आले होते. त्यांनी आणि इतरांनी डॉ. किंग यांच्याशी पुष्कळ चर्चा केली. अनुयायांनी हात उचलायचा नाही आणि पुढाऱ्याच्या घरी बंदूक, हे जमणार कसे? हळूहळू डॉ. किंग यांनी बंदुका घराबाहेर काढल्या. वाचलेली अहिंसा इथे त्यांच्या घरात आली.

नागपूरचा धागा

हे सगळे माँटगोमेरीत चालू असताना जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विद्यार्थ्यांना खेळ शिकवीत होता. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे तो अमेरिकेत वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता, आणि सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट चर्चच्या वतीने नागपुरास आला होता. गांधीजींचे काम जवळून समजून घेणे हा त्याचा एक हेतू होता. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली आणि त्याला अतिशय आनंद झाला. ज्या मार्गाचा अभ्यास करायला तो भारतात आला होता, तो मार्ग त्याच्या स्वतःच्या देशात सुरू झाला होता.

१९५६ साली लॉसन परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात त्यांची डॉ. किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पूर्ण करून दक्षिणेत यावे असा लॉसन यांचा विचार होता. डॉ. किंग यांनी थांबू नका, आत्ताच या, असा आग्रह केला. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात गेले.

इकडे १९५९ साली डॉ. किंग स्वतः भारतात आले. कोरेटा बरोबर होत्या. त्यांनी भारतात सुमारे महिना काढला. दिल्लीत पंडित नेहरूंना भेटले, पदयात्रेवर असलेल्या विनोबांना भेटले, साबरमतीला गेले. मुंबईत ते मणिभवनात राहिले. गांधीजी मुंबईत आले की तिथेच उतरत. केरळात एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य बांधव अशी करून दिली. शाळेतली बरीच मुले पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतली होती. डॉ. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग विचार केल्यावर ते वर्णन त्यांना खरे वाटले. ही आठवण पुढे त्यांनी आपल्या प्रवचनात सांगितली.

नॅशव्हिलची कार्यशाळा

नॅशव्हिलमध्ये लॉसन यांनी चर्चच्या तळघरात कॉलेजच्या मुलामुलींसाठी वर्ग सुरू केले. डायान नॅश, जॉन लुईस हे त्या वर्गाचे विद्यार्थी. दुकानांतल्या खानावळीच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. तिथे जाऊन बसायचे आणि खायला मागायचे, एवढीच योजना होती. तयारी मात्र कित्येक महिने चालली. अर्ध्या मुलांनी गुंड व्हायचे. त्यांनी बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचे. बाकीच्यांनी उलट हात उचलायचा नाही, उलट शिवी द्यायची नाही आणि जागाही सोडायची नाही. मार पडू लागला तर डोके कसे झाकायचे, अंग कसे आखडून घ्यायचे, एकालाच फार मार बसत असेल तर दुसऱ्याने मध्ये जाऊन तो आपल्या अंगावर कसा वाटून घ्यायचा, हे सगळे शिकवले जाई. ज्याला हे झेपणार नाही त्याने काउंटरवर जायचे नाही. त्याने दुसरे काम करायचे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो शहरात चार विद्यार्थी असेच काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर लाट उठली. बारा दिवसांनी नॅशव्हिलची मुले बाहेर पडली. मार पडला, अटक झाली, एका वकिलाच्या घरावर बाँब पडला. लॉसन शिकत होते त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. पण मुलांची रांग मोडली नाही. गावातल्या ग्राहकांनी त्या दुकानांवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे धंदा बसला. १० मे १९६० पासून नॅशव्हिलच्या काउंटरवर सर्वांना वाढू लागले.

एक अपयश, एक यश

प्रत्येक वेळी यश आले असे मात्र नाही. १९६१ आणि ६२ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरात मोठे आंदोलन झाले. तिथल्या पोलीसप्रमुखाने अहिंसेविषयी वाचून ठेवले होते. त्याने लोकांदेखत कोणावर लाठी चालवू दिली नाही. शांतपणे अटक करायची आणि कैदी आजूबाजूच्या गावांतल्या तुरुंगांत पाठवायचे, म्हणजे आपला तुरुंग भरत नाही. डॉ. किंग यांना हाती फारसे काही न लागता परतावे लागले. आंदोलनाने एकाच वेळी सगळ्याच गोष्टी मागितल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आले.

पुढच्या वेळी, १९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात, लक्ष्य नेमके ठरवले : मुख्य बाजारपेठेतली दुकाने. वेळ निवडली ईस्टरच्या खरेदीची. सहकाऱ्यांनी काउंटरच्या खुर्च्या मोजल्या, चर्चपासून दुकानापर्यंत चालत किती वेळ लागतो ते पाहिले. प्रत्येक स्वयंसेवकाकडून दहा नियमांच्या कार्डावर सही घेतली. तिथला पोलीसप्रमुख बुल कॉनर अतिशय तापट होता. डॉ. किंग यांना गुड फ्रायडेला अटक झाली. काही गोऱ्या धर्मगुरूंनी त्यांना घाई करू नका असा जाहीर सल्ला दिला होता. त्यांना उत्तर म्हणून तुरुंगातून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात, त्यांनी एक पत्र लिहिले. ते आज अमेरिकेतल्या कॉलेजांत अभ्यासाला असते.

मोठी माणसे पुरेना झाली. नोकरी जाईल ही भीती होती. तेव्हा शाळेतली मुले पुढे आली. २ मे रोजी हजारावर मुले शाळा सोडून चर्चमधून बाहेर पडली आणि गाणी म्हणत अटक करून घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी कॉनरने त्यांच्यावर आगीच्या बंबांचे जोरदार फवारे सोडले, कुत्रे सोडले. ती छायाचित्रे जगभर छापून आली. आम्ही पालक आहोत, त्यामुळे हा भाग वाचताना आमचा हात आजही थांबतो. आपले मूल त्या रांगेत पाठवले असते का, याचे उत्तर सोपे नाही. डॉ. किंग यांनाही ते सोपे गेले नव्हते. मुलांना पुढे केल्याबद्दल त्यांच्यावर त्या वेळी कडक टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत कृष्णवर्णीय पुढारीही होते.

१० मे रोजी व्यापाऱ्यांनी तडजोड केली. काउंटर खुले करण्याचे, भेदाच्या पाट्या काढण्याचे कबूल झाले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक शांतपणे जमले. ते स्वप्नाचे भाषण त्या दिवशीचे. सगळी व्यवस्था बेयर्ड रस्टिन यांनी दोन महिन्यांत उभी केली होती. पण १५ सप्टेंबरला, रविवारी, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या आणि एक अकरा वर्षांची. अहिंसेची किंमत कोणाला मोजावी लागली ते यावरून कळते.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेल, नोकरी यांत वर्णावरून, धर्मावरून किंवा तुम्ही कोणत्या देशातून आलात यावरून भेद करणे बेकायदा ठरले. त्याच वर्षी डॉ. किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. वय ३५. पैसे त्यांनी चळवळीला दिले.

सेल्मा, आणि आपण

१९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्मा गावी आंदोलन झाले. ७ मार्चला सुमारे ६०० लोक पुलावरून निघाले. पुढे नॅशव्हिलच्या तळघरात शिकलेला जॉन लुईस होता. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला आणि लुईसचे डोके फुटले. त्या रात्री सर्व देशाने ते टीव्हीवर पाहिले. डॉ. किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना बोलावले, आणि २१ मार्चला पुन्हा मोर्चा निघून ५४ मैल चालत माँटगोमेरीला पोहोचला. ६ ऑगस्टला मतदानाचा कायदा झाला. मिसिसिपी राज्यात त्यापूर्वी शंभरांतल्या सातांहून कमी कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. दोनच वर्षांत शंभरांतले साठ झाले. या कायद्याचा एक महत्त्वाचा भाग २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केला. मिळालेली गोष्ट राखावीही लागते, एवढे यातून घ्यावे.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच संसदेने आणखी एक कायदा केला. तोपर्यंत अमेरिकेत कायमचे राहायला येण्यासाठी भारताचा वाटा वर्षाला फक्त १०० माणसांचा होता. कोण कुठल्या देशात जन्मला यावर ठरणारी ही पद्धत नव्या कायद्याने रद्द झाली. देशात वर्णावरून भेद करायचा नाही असे ठरल्यावर दारावर तो कसा करणार, असे वातावरण नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केले होते. तुमचे आईवडील, काका, मावशी ज्या दाराने या देशात आले, ते दार त्या वर्षी उघडले. आमचे येणेही त्यातलेच. म्हणून ही सुट्टी दुसऱ्या कोणाची आहे असे आपल्या घरात कोणी समजू नये.

शेवटची वर्षे

पुढची वर्षे कठीण गेली. १९६६ साली शिकागोत घरांच्या बाबतीतल्या भेदाविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा त्यांना दगड लागला. १९६७ साली त्यांनी व्हिएतनामच्या युद्धाला जाहीर विरोध केला आणि अनेक जुने मित्र दुरावले. आज ज्यांच्या नावाने सुट्टी आहे त्यांच्याबद्दल १९६६ च्या एका जनमत चाचणीत शंभरांतल्या ६३ अमेरिकनांनी प्रतिकूल मत दिले होते. आपल्याच बाजूचे तरुणही अहिंसेला कंटाळले होते. ते मात्र बदलले नाहीत.

१९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिस शहरात कचरा गोळा करणारे दोन कामगार गाडीच्या यंत्रात सापडून मेले. सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. त्यांना मदत करणारे एक पाद्री होते जेम्स लॉसन, तेच नागपूरचे. त्यांनी डॉ. किंग यांना बोलावले. २८ मार्चच्या मोर्चात काही जणांनी दुकाने फोडली, पोलिसांनी गोळी चालवली आणि एक मुलगा मेला. डॉ. किंग फार खचले. पण नीट तयारी करून पुन्हा शांततेचा मोर्चा काढायचाच, असे ठरवून ते परत मेम्फिसला आले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी मोटेलच्या सज्जात उभे असताना त्यांना गोळी घातली गेली. वय अवघे ३९.

त्यानंतर शंभरावर शहरांत दंगली उसळल्या. मेम्फिसमध्ये मात्र चार दिवसांनी कोरेटा आपल्या मुलांना घेऊन आल्या आणि हजारो लोकांच्या पुढे चालल्या. कोणी घोषणा दिली नाही, एक काच फुटली नाही. १६ एप्रिलला कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या. लॉसन पुढे अनेक वर्षे अहिंसेचे वर्ग घेत राहिले. ते २०२४ साली, ९५ व्या वर्षी वारले. डॉ. किंग यांच्या नावाची सुट्टी १९८६ पासून पाळली जाते.

आपल्यासाठी

शाळेत कोणी तुमच्या नावाची, डब्याची किंवा बोलण्याची चेष्टा केली तर घरोघरी दोन सल्ले मिळतात. एक, दुर्लक्ष कर. दोन, एक ठेवून दे. डॉ. किंग यांचे आयुष्य तिसरी वाट दाखवते. चूक आहे ते चूक आहे असे स्पष्ट सांगायचे, हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. ही वाट एकट्याने चालणे फार अवघड आहे, म्हणून सोबती लागतात. आणि ऐन वेळी ती सुचत नाही, म्हणून आधी सराव लागतो. नॅशव्हिलच्या मुलांना जे महिनोन् महिने शिकावे लागले, ते आपल्याला एका धड्यात कसे येणार?

तेव्हा या वेळचा गृहपाठ असा. वर्गात किंवा डब्याच्या सुट्टीत एकटे बसणारे, ज्याची चेष्टा होते असे कोणी तुमच्या शाळेत आहे का? असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि काय झाले ते मराठीत दहा ओळींत लिहून आणा. नावे लिहू नका. पालकांनी शुद्धलेखन तपासावे, मजकूर बदलू नये. चांगले लेख पुढच्या अंकात छापू.